वर्कहाऊसमध्ये प्रवेश कसा मिळायचा? इंग्लंडच्या १८३४ च्या कायद्यानंतरची पात्रता, पुरावे आणि प्रक्रिया

वर्कहाऊस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न-निवारा देणारी संस्था. तिथे जायला नुसतं गरीब असून भागत नसे. पोट भरायचा दुसरा मार्गच उरलेला नाही, हे पटवावं लागे. सक्षम पुरुषाला घरबसल्या मदत देणं जवळपास बंद करायचं, हाच कायद्याचा रोख होता.

अर्ज तोंडीच चाले. रिलीव्हिंग ऑफिसरकडे, म्हणजे गरिबांच्या मदतीचे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं. तो घरी येऊन चौकशी करी आणि नोंदवहीत लिही. निर्णय गार्डियन्सच्या, म्हणजे वर्कहाऊसचा कारभार पाहणाऱ्या निवडून आलेल्या मंडळाच्या, बैठकीत होई. फारच निकड असेल तर ऑफिसर स्वतः तात्पुरती चिठ्ठी देई. चिठ्ठी ६ दिवसांहून जुनी झाली की तिच्यावर प्रवेश नाही.

खरी अडचण ‘सेटलमेंट’ची, म्हणजे तुमचा खर्च कोणत्या पॅरिशच्या (चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या स्थानिक विभागाच्या) माथी. कारागिराकडे शिकाऊ म्हणून राहिल्याचा करारनामा, वर्षाला किमान १० पौंड भाड्याच्या घराचा पुरावा, लग्नाची नोंद, यांवर ते ठरे. कागद नसेल तर मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सगळा जन्म सांगायचा. बायकोला नवऱ्याची सेटलमेंट लागे. त्यामुळे विधवेला कधी न पाहिलेल्या गावी पाठवलं जाई. हा या व्यवस्थेतला सर्वांत निर्दय भाग. १८४६ साली ५ वर्षं सलग राहिलेल्यांना आणि वैधव्याच्या पहिल्या १२ महिन्यांत विधवांना हलवायला बंदी आली. पुढे ही अट १८६१ साली ३ वर्षांवर आणि १८६५ साली १ वर्षावर आली. पण तुरुंगात काढलेले किंवा पॅरिशच्या मदतीवर काढलेले दिवस त्यात धरत नसत. आजारपणात थोडी मदत घेतलेली माणसं नेमकी इथेच अडकत.

दाराशी पोचल्यावर आधी रिसीव्हिंग वॉर्ड: डॉक्टरची तपासणी, आंघोळ, वर्कहाऊसचा गणवेश. अंगावरचे कपडे धुऊन, नावाची चिठ्ठी लावून ठेवून देत. मग नवरा एका विभागात, बायको दुसऱ्या, ७ वर्षांवरची मुलं तिसऱ्या. साठी ओलांडलेल्या जोडप्यांना एकत्र राहायची मुभा १८४७ साली मिळाली.

बाहेर पडायला कुणाची परवानगी लागत नसे, आगाऊ सांगितलं की पुरे. मात्र घरचा कर्ता निघाला की सगळ्या कुटुंबाने निघायचं. मुलं आत ठेवून काम शोधायला जाता येत नसे. न सांगता गणवेशात निघून गेलं, तर कपडे चोरल्याचा खटला भरत.