मुरलेली बिअर आणि शिळी बिअर

गेल्या रविवारी कोथरूडच्या घरी दोन बाटल्या एकदमच उघडल्या. दोन्ही रॉशफोर १०, म्हणजे बेल्जियममधल्या ट्रॅपिस्ट पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठातली, ११.३ टक्के अल्कोहोलची गडद तपकिरी एल (एल हा बिअरचाच एक प्रकार). ब्रुसेल्सच्या एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या, त्यालाही आता पाच वर्षं झाली. फरक इतकाच की एक बाटली फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात मागे दडून राहिली आणि दुसरी माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्यात. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, पाच वर्षांची बिअर? विटली असेल, बेसिनमध्ये ओता सरळ."

अर्धं त्याचं खरं निघालं.

तसा त्याचा दोष नाही. २००९ मध्ये पुण्यात डूलाली हे जागेवरच बिअर बनवणारं ठिकाण सुरू झालं तेव्हापासून आपण टाकीतून थेट ग्लासात आलेली बिअर प्यायला शिकलो. त्या बिअरला 'ताजी तीच चांगली' हा नियम चोख लागू पडतो. गव्हाची हलकी बिअर किंवा हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास मिरवणारी आयपीए नावाची बिअर महिना-दोन महिने ठेवली तर तिचं फक्त वय वाढतं, गुण वाढत नाहीत. पण कैरीचं लोणचं मुरतं आणि साबुदाण्याची खिचडी शिळी होते; वेळ दोघांवरूनही गेलेला असतो. कडक, काळपट बेल्जियन एल ही लोणच्याच्या जातीची.

घोटाळा होतो तो असा, की बिअर मुरते तीही ऑक्सिजनमुळे आणि शिळी होते तीही ऑक्सिजनमुळेच. बाटली भरताना हवेचा अंश आत राहतो, टोपणाच्या कडेने वर्षानुवर्षं थोडी थोडी शिरतही राहते. त्यातून आणि बिअरच्या स्वतःच्या जुनं होण्यातून नवे वास जन्मतात. त्यातला एक कुप्रसिद्ध पदार्थ म्हणजे ट्रान्स-२-नॉनेनाल. वास ओल्या पुठ्ठ्याचा, आणि अब्ज भागांत एका भागाहूनही कमी असला तरी नाकाला सापडणारा. फिक्या लागरमध्ये, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बिअरमध्ये, त्याला लपायला जागाच नसते. कडक एलमध्ये मात्र भाजलेल्या माल्टचा (मोड आणलेल्या धान्याचा) आणि गडद कँडी सायरपचा दाट थर असतो (हा सायरप बीटच्या साखरेचा, पण चव घेतली तर आपली काकवीच आठवते). त्या थरावर ऑक्सिजनचं काम झालं की शेरी या स्पॅनिश वाइनसारखा, सुक्या फळांचा वास तयार होतो. शिवाय या एलमध्ये बाटली भरताना थोडी साखर आणि जिवंत यीस्ट घालतात. बाटलीत पुन्हा आंबवण होते आणि ते यीस्ट आतला बराचसा ऑक्सिजन स्वतःच खाऊन टाकतं. तळाचा गाळ तो हाच. गाळ दिसला म्हणजे बिअर खराब, हा निष्कर्ष चुकीचा.

आता ग्लासाकडे. फ्रिजमधली बाटली अर्धा तास बाहेर ठेवली होती, कारण ही बिअर बर्फासारखी थंड प्यायली तर काहीच कळत नाही. बारा-चौदा अंश पुरेत. फेस ताज्या बाटलीपेक्षा कमी, पण होता. वासाला आधी सुकं अंजीर, मग काळ्या मनुका, खजूर, आणि मागे कुठेतरी शेरी. पुरंदरचं अंजीर वाळवून डब्यात ठेवलं आणि महिन्याभराने झाकण उघडलं तर येतो, साधारण तसा. नवी असताना या बिअरमध्ये अल्कोहोल घशाला चांगलंच जाणवतं. इथे त्याची धार गेली होती, ऊब राहिली होती. हॉप्सचा कडवटपणा जवळपास संपलेला, तरी गोडवा चिकट नव्हता. मेहुण्याने दुसरा घोट न विचारता घेतला.

माळ्यावरची बाटलीही दिसायला तीच. तिच्यातही शेरी होती, आणि लोक फसतात ते इथेच: शेरी आली म्हणजे मुरली, असं धरून चालतात. पण शेरीच्या पुढे जाऊन नाक काय सांगतं ते बघायचं. पावसात भिजलेला खोका गॅलरीत वाळत घातलाय, असा वास. तोंडात घेतल्यावर मधला भाग पोकळ. सुरुवातीला गोड, मग काहीच नाही, आणि गिळल्यावर जिभेच्या कडांवर सोया सॉसची खारट सावली. ती मेलेल्या यीस्टची. पेशी फुटतात आणि आतला ऐवज बिअरमध्ये उतरतो. मुरलेल्या बिअरचा घोट गिळल्यावर चव लांबत जाते, शिळीची मध्येच तुटते. रंगावरून किंवा बाटलीवरच्या तारखेवरून हे ठरवता येत नाही.

मात्र आंबट लागली, व्हिनेगरसारखी, तर ते मुरणंही नाही आणि शिळेपणाही नाही. बाटलीत जंतू शिरलेत. तिथे मेहुण्याचा बेसिनचा सल्ला मान्य.

एकाच दुकानातल्या दोन बहिणींचं असं का झालं, याचं उत्तर पुण्याच्या हवेत आहे. रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. तळघराच्या बारा अंशांऐवजी माळ्यावरचे बत्तीस अंश धरले तर वेग चौपट. म्हणजे आपल्या उन्हाळ्याचे तीन महिने त्या बाटलीला तळघरातल्या एका वर्षासारखे. स्लॅबखालचा माळा एप्रिल-मे मध्ये बत्तीसवर थांबतो असंही नाही. बेल्जियमच्या मठांना थंड तळघर फुकट मिळतं. आपल्याला ते भाजीच्या कप्प्यात शोधावं लागतं. तिथे बिअर फार हळू मुरते, पण बिघडतही नाही. बाटली उभी ठेवावी, उजेड लागू देऊ नये. उजेडाने हॉप्समधल्या पदार्थांपासून वेगळाच उग्र दर्प येतो, तो तपकिरी काचेतही पूर्ण टळत नाही.

सगळीच बेल्जियन बिअर ठेवण्याजोगी नसते, हेही खरं. माझ्या मते आठ टक्क्यांच्या खालची ठेवूच नये. वेस्टमाल डुबेल सात टक्क्यांची, ती मी आणली की संपवतो. नऊ टक्क्यांची शिमे ब्ल्यू मात्र ठेवायलाच केलेली असावी असं वाटतं; लेबलवर वर्ष छापतात ते उगीच नाही.

तिचीच एक बाटली अजून शिल्लक आहे. रविवारी रात्री ती कोथिंबिरीच्या जुडीमागे सरकवून ठेवली. सकाळी पाहिलं तर बायकोने कप्पा आवरून ती ओट्यावर काढली होती, आणि शेजारी गॅसवर कुकर लावलेला.