कढईशेजारचं झाकण

दिवाळीच्या आधीचा रविवार होता. मामीकडे चकल्यांचे घाणे चालले होते. मी सोऱ्या धरून बसले होते, मामेबहीण ओट्याशी तळत होती, मामी मध्येच भाजणी मळून देत होती. तेवढ्यात गावाकडची मंडळी आली. दार उघडलं, सामान आत घेतलं, पाणी दिलं, नमस्कार-चमत्कार झाले. गॅस बंद केलाय की नाही हे कुणीच बघितलं नाही. मला वाटलं बहिणीने केला, बहिणीला वाटलं मामीने.

दहा-बारा मिनिटांनी जळकट वास आला. आत गेलो तर कढईतून वीतभर उंच ज्वाळा, आणि वरच्या फळीवरचे प्लॅस्टिकचे डबे वाकायला लागलेले. बहिणीने पिंपावरचा तांब्या उचलला. मामी ओरडली, "पाणी नको!" तिने खालची पितळी परात उचलली, ढालीसारखी अंगासमोर धरली आणि आपल्या बाजूने पलीकडे सरकवत कढईवर ठेवली. मग गॅस बंद केला. परातीच्या कडेने दोन-तीनदा जिभा बाहेर आल्या आणि थांबल्या. थोड्या वेळाने बहीण परात उचलायला गेली, तेव्हा मामीने तिच्या हातावर चापट मारली. "राहू दे. आत तापलेलंच आहे अजून." ती परात रात्री जेवणं झाल्यावरच निघाली.

मामी आठवीपर्यंत शिकलेली. पुढे मी रसायनशास्त्र शिकले, शिकवू लागले, तेव्हा कळलं की त्या अर्ध्या मिनिटात तिने केलेली एकूण एक गोष्ट शास्त्राला धरून होती. सण आला की आपल्या घरात आगीची बहुतेक सगळी कारणं एकत्र येतात: दिवसभर तळण, दारोदार पणत्या, खेचून लावलेल्या माळा, आणि माणसांनी भरलेलं घर. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत वर्षभरात सर्वांत जास्त स्वयंपाकघरांना आगी लागतात त्या थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. तिथल्या मराठी घरांनी तर दोन्ही सण सांभाळायचे असतात.

आधी कढईचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

चकली तळायला तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस लागतं. रिफाइंड शेंगदाणा तेल २३० अंशांच्या आसपास धुरावतं. आणखी तापलं की त्याची वाफ जाळ लागताच पेटते, आणि साडेतीनशेच्या पुढे कुठेतरी, तेलाच्या जातीप्रमाणे, ते ठिणगीशिवाय आपोआप पेट घेतं. आता गंमत अशी की चकल्या तेलात असतात तोवर कढई एका अर्थाने सुरक्षित असते. पिठातलं पाणी उकळून वाफ होतं (ते बुडबुडे म्हणजे तीच वाफ) आणि जाताना भरपूर उष्णता घेऊन जातं. घाणा काढला आणि पुढचा टाकला नाही, की ही गळती थांबते. मोठ्या बर्नरची साधारण १ किलोवॅट उष्णता कढईत उतरते असं धरलं, तर २ लीटर तेल मिनिटाला १५ अंशांनी तापतं. १८० वरून ३६० वर जायला दहा-बारा मिनिटं. पाहुण्यांना पाणी देण्याइतकी, फोनवर एकीची खुशाली विचारण्याइतकी. धोका तळताना असतो त्यापेक्षा दोन घाण्यांच्या मधल्या वेळात जास्त असतो.

कालच्या शंकरपाळ्यांचं उरलेलं तेल आज वापरलं तर ते आणखी लवकर धुरावतं. तळण्याने तेल फुटतं, त्यात मोकळी मेदाम्लं तयार होतात आणि धुराचा बिंदू खाली येतो. तेल धुरावलं की 'छान तापलं' असं समजणारी मंडळी अजून आहेत. धूर हा इशारा आहे. गॅस तिथेच बंद व्हायला हवा.

तेल नेमकं जळतं कसं, हे पणतीत छान दिसतं. पणतीतल्या गार तेलात पेटती काडी बुडवली तर काडीच विझते. द्रव तेल जळत नाही, जळते त्याची वाफ. वात थोडं थोडं तेल वर ओढते, टोकाशी तेवढंच तापतं, तेवढ्याचीच वाफ होते, म्हणून ज्योत बोटभर राहते आणि रात्रभर पुरते. कढईतलं सगळंच तेल तापलेलं असतं. तिथे वातीची गरजच उरत नाही. तेलाचा अख्खा पृष्ठभाग वात होतो.

आता त्यात तांब्याभर पाणी ओतल्यावर काय होतं बघा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी जातं. तिथे साडेतीनशे अंशांचं तेल. पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती मूळच्या पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलीटर पाण्याची जवळपास ३४० लीटर वाफ. ती वर येताना पेटतं तेल थेंबाथेंबाने उडवत आणते, प्रत्येक थेंबाला चहूबाजूंनी हवा मिळते, आणि वीतभर ज्वाळेचा छतापर्यंतचा लोळ होतो. बहिणीच्या हातातला तांब्या आठवला की माझ्या पोटात आजही गोळा येतो. ओलं फडकं टाकायची जुनी सवयही याच कारणाने वाईट; ठिबकणारं फडकं म्हणजे पाणीच. पीठ, मैदा किंवा बेसन तर मुळीच टाकू नये, ते स्वतः जळतं, आणि हवेत उडालेली पिठाची धूळ भडकते.

झाकणाने हवा तुटते. पण तेल गरमच राहतं, म्हणून झाकण लवकर उचललं तर हवा आत शिरते आणि तेल पुन्हा भडकतं. मामीची ती चापट याचसाठी होती. पेटलेली कढई उचलून गॅलरीत नेण्याचा प्रयत्न तर फार घातक: तेल हिंदकळतं, हातावर येतं, हात सुटतो. कढई जिथे आहे तिथेच राहू द्यावी. गॅसच्या बटणाकडे जाताना हात ज्वाळेवरून न्यावा लागत असेल, तर आधी झाकावं, मग बटण. झाकण धातूचं हवं आणि कढईच्या तोंडापेक्षा मोठं, काचेचं तडकतं. आणि ते तळायला बसण्याआधी काढून ओट्यावर, हाताशी ठेवलेलं हवं. भांड्यांच्या ढिगाखालच्या परातीचा त्या क्षणी काही उपयोग नाही. आग ओट्यापलीकडे गेली असेल, फळीने, पडद्याने पेट घेतला असेल, तर लढत बसू नये. सगळ्यांना बाहेर काढावं, जाताना स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यावं. बंद दार आगीची हवा अडवतं आणि धूरही.

हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत तेलाच्या आगीसाठी वेगळं, 'एफ' वर्गाचं अग्निशामक असतं. त्यातला पोटॅशियमच्या क्षारांचा द्रव गरम तेलावर बारीक फवाऱ्याने पडला की तेलाचा चक्क साबण होतो, आणि साबणाचा फेस वर साय धरतो. घरात सहसा मिळणारं पावडरचं सिलिंडर कपडे, लाकूड, वीज यांच्या लहान आगीला उत्तम; पण त्याचा जोराचा झोत जवळून कढईवर मारला तर तेल उडतं.

गॅसबद्दल थोडक्यात. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जवळपास दुप्पट जड असतो. गळला की जमिनीशी साचतो, ओट्याखाली, फ्रीजमागे. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, तो हलका, छताकडे जातो. एलपीजी हवेत साधारण २ टक्के मिसळला की पेटण्याजोगा होतो. १० फूट बाय ८ फुटांच्या स्वयंपाकघराला एवढं व्हायला सुमारे किलोभर गॅस पुरतो, आणि तो तळाशी साचत असल्याने प्रत्यक्षात त्याहूनही कमी. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. त्याला मुळात वास नाही. तो कुजकट वास मर्कॅप्टन मुद्दाम मिसळून आणलेला आहे, म्हणून तो आला की दुर्लक्ष करू नये. तेव्हा दिव्याचं बटण चालू करू नये, चालू असेल तर बंदही करू नये, कारण दोन्हीत आत बारीक ठिणगी पडते. एक्झॉस्ट पंखाही नको. रेग्युलेटर बंद करून काढावा, दारं-खिडक्या उघडाव्यात, देवघरातला दिवा विझवावा आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करावा. तळणाच्या आधी रबरी नळीवरून एकदा साबणाचं पाणी फिरवलं तर गळती असल्यास बुडबुडे दिसतात. काडी ओढून गळती बघणं बंदच व्हायला हवं.

नरक चतुर्दशीच्या पहाटेचं मात्र जरा सविस्तर सांगते. घरात दहा-बारा माणसं, सगळ्यांना उजाडायच्या आत अभ्यंगस्नान. गिझर पुरत नाही, मग माळ्यावरचा पाणी तापवायचा रॉड खाली येतो आणि न्हाणीघराजवळ जागा नसल्याने एक्स्टेन्शन बोर्डावर लागतो. त्याच बोर्डावर आधीपासून माळ आणि आकाशकंदील. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतो. साधा पॉइंट ६ अँपिअरचा. त्यात सॉकेटची पट्टी सैल झाली असेल आणि तिथे जेमतेम अर्धा ओहम रोध असेल, तर त्या वाटाण्याएवढ्या जागेत २१ वॅट उष्णता सुटत राहते. हाताने वायरी जोडणाऱ्यांच्या सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण तेवढीच असते. प्लॅस्टिक तपकिरी पडतं, मासळीसारखा वास येतो, आणि हे सगळं सोफ्यामागे किंवा गादीखाली चाललेलं असतं. वायर गुंडाळलेली असेल तर आतल्या वेटोळ्यांची उष्णता बाहेरच पडत नाही. रॉड, गिझर, इस्त्री हे सगळं भिंतीतल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरच. प्लग हाताला गरम लागला, तर तो वापरू नये.

पणत्यांबाबत एकच आग्रह आहे. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा, मधोमध ओळ लावू नका. तीच बाहेर पडायची वाट असते, आणि अंधारात पळणाऱ्याचा सलवारीचा घेर किंवा साडीचा पदर त्यावरूनच जातो. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. जॉर्जेटची ओढणी घेऊन पणत्या लावायला मुलींना पाठवू नये. कपडा पेटलाच तर पळू नये: पळताना हवा मिळते, आणि उभ्या माणसाची ज्वाळा चेहऱ्याकडे चढते. आडवं व्हायचं, लोळायचं. भाजल्यावर नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. चिकटलेला कपडा ओढायचा नाही.

रात्रीची आग वेगळी असते. माणसं ज्वाळेने दगावतात त्यापेक्षा धुराने जास्त. फोमचा सोफा, गाद्या जळताना कार्बन मोनॉक्साइड सुटतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. झोपलेला माणूस उठतच नाही. अमेरिकेतल्या यूएल संस्थेच्या प्रयोगांत आजच्या पद्धतीने सजवलेली खोली पाच मिनिटांच्या आत पूर्ण भडकली. जुन्या लाकडी, सुती सामानाच्या खोलीला जवळपास अर्धा तास लागला. आपल्या घरात दिवाळीला हॉलभर अंथरुणं असतात, दाराशी चपलांचा ढीग, जिन्यात सायकली आणि कुंड्या, गॅलरीच्या ग्रिलला कुलूप आणि त्याची किल्ली फक्त घरमालकिणीला माहीत. किल्ली ग्रिलजवळच खिळ्याला, पण बाहेरून हात पोचणार नाही अशी टांगावी. आजीचं अंथरूण दाराजवळच्या खोलीत घालावं. माळा आणि कंदील झोपताना बंद. शयनगृहाचं दार लोटून झोपावं. धूर असेल तर वाकून, रांगत निघावं, कारण खाली हवा बरी असते. लिफ्ट वापरू नये. तिचा खड्डा धुराचं धुराडं होतो आणि वीज गेली की माणूस आत अडकतो.

१०१ किंवा ११२ ला फोन लावताना पाहुण्याला पत्ता सांगता येतो का, हेही बघावं. गावाकडून आलेल्या काकांना इमारतीचं नाव, विंग, मजला आणि कुठल्या रस्त्याने वळायचं हे माहीत नसतं. दारामागे कागदावर लिहून चिकटवावं.

आणि पोरं. लहान मुलं आगीला घाबरून बाहेर पळत नाहीत, लपतात. पलंगाखाली, कपाटात, आंघोळीच्या खोलीत. हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. मामीकडे आता दर दिवाळीला सगळी नातवंडं जमली की पहिल्या संध्याकाळी मामेभाऊ त्यांना घेऊन जिन्याने खाली उतरतो, गेटजवळच्या वडाखाली उभं करतो आणि डोकी मोजतो. गेल्या वर्षी अकरा होती. सर्वांत धाकटा चार वर्षांचा. त्याला विचारलं, आग लागली तर कुठे जायचं? त्याने वडाकडे बोट दाखवलं.