उठावाच्या रेषा : जुन्या विमान-किटवर वॉश का टिकत नाही

प्लॅस्टिकच्या विमान-मॉडेलचं जुनं किट उघडून पंखावरून बोट फिरवलं की रेषा बोटाला लागतात. नव्या किटमध्ये पत्र्यांचे जोड आत कोरलेले असतात, जुन्यात ते केसासारख्या बारीक उठावाने दाखवलेले. वेदरिंग (मॉडेलवर मळ-झीज दाखवणं) म्हणजे रेषांत वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला काळपट रंग, सोडायचा आणि जादा पुसून घ्यायचा, असंच आज आपल्यापैकी बहुतेक जण शिकतात. तेच उठावाच्या रेषांवर केलं की रंग दोन्ही अंगांना ओघळतो आणि पंख नुसताच मळका दिसतो. मीही हे करून एक अख्खा पंख पुन्हा रंगवला आहे. चूक हाताची नसते. तिचं मूळ साच्यात आहे.

प्लॅस्टिकची विमान-किटं सुरू झाली १९३६ साली, ब्रिटनमध्ये, फ्रॉग कंपनीच्या ‘पेंग्विन’ मालिकेपासून. फ्रॉगची आधीची मॉडेलं खरोखर उडायची, ही उडणार नव्हती, म्हणून पेंग्विन. प्रमाण १:७२, म्हणजे एका इंचात सहा फूट. युद्धकाळात विमानं ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी हेच प्रमाण कामी आलं; १९४२ पासून अमेरिकेत शाळकरी मुलांनी लाकडाची अशी मॉडेलं लाखांनी बनवली. ३५ फुटांवर धरलेलं मॉडेल जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं, हा त्यामागचा सरळ हिशेब. पेंग्विनचं प्लॅस्टिक मात्र सेल्युलोज ॲसिटेटचं होतं. ते वर्षांगणिक आकसतं, पिळवटतं, त्यामुळे त्या काळातलं सरळ पंखाचं मॉडेल आज मिळणं दुर्मीळच.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आलं आणि चित्र पालटलं. ते आकार धरून ठेवतं, आणि सिमेंटने, म्हणजे मॉडेलच्या गोंदाने, त्याचा पृष्ठभाग विरघळून दोन भाग अक्षरशः एकजीव होतात. हंगेरीहून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये सुरू केलेली एअरफिक्स आधी रबरी खेळणी आणि कंगवे करायची. १९५२ मध्ये तिने ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचं किट पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगला विकलं. पुढच्याच वर्षी स्पिटफायर विमानाचं किट आलं.

आता रेषांकडे. पोलादी साच्यात बारीक चर कोरणं कारागिराला जमण्यासारखं होतं. साच्यातला चर म्हणजे भागावर उठाव. भागावर खाच हवी असेल तर साच्यात उलट तेवढीच बारीक भिंत उभी ठेवून भोवतालचा सगळा धातू काढावा लागतो. ते काम खर्चाचं आणि जिकिरीचं. म्हणून १९५०-६० च्या दशकांत उठावच चालला आणि त्याच्या जोडीला रिव्हेटांच्या रांगा. किटवरचा अर्ध्या मिलिमीटरचा रिव्हेट खऱ्या विमानावर ३६ मिलिमीटरचा होईल! पण तेव्हाच्या मुलांना पत्र्याचं विमान हातात आल्यासारखं वाटायचं ते त्याच रिव्हेटांमुळे, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. पुढे विजेच्या ठिणगीने धातू झिजवण्याचं तंत्र साचेकामात रुळलं. त्यात रेषा ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रोडवर कोरतात, साच्यात तिची भिंत होते आणि भागावर खाच उमटते. १९७३ मध्ये आलेल्या मॅचबॉक्सच्या किटांवर कोरलेल्या रेषा होत्या, पण काही ठिकाणी चक्क नांगरटीसारख्या रुंद. त्या नाजूक झाल्या १९८० च्या दशकात, जपानी कंपन्यांच्या, विशेषतः हासेगावाच्या हातून.

वेदरिंगचा इतिहास याच्याशी समांतर चालतो. सुरुवातीची विमानं ब्रशने, बऱ्याचदा चकचकीत इनॅमलमध्ये रंगवली जायची. मळ, गंज, झीज दाखवण्याची गोडी लागली ती बरीचशी रणगाडे आणि सैनिकांच्या मॉडेलांमुळे. १९७० च्या दशकात अमेरिकी मॉडेलकार शेप पेन यांच्या देखाव्यांची पत्रकं मोनोग्राम कंपनीच्या किटांसोबत यायची. नंतर बेल्जियमच्या फ्राँस्वा व्हर्लिंडेन यांनी ड्रायब्रशिंग घरोघरी पोहोचवलं. ड्रायब्रश म्हणजे जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं. त्याला उठावच लागतो! वॉशला खाच लागते. पुढे कोरलेल्या रेषा सरसकट झाल्या आणि वॉश हाच विमानांच्या वेदरिंगचा पहिला धडा बनला.

तसं पाहिलं तर उठाव आणि खाच, दोन्ही संकेतच आहेत. पत्र्यांमधली दोन मिलिमीटरची फट १:७२ मध्ये मिलिमीटरच्या तीन शतांशांहूनही कमी भरते. ती डोळ्याला दिसायला नको. दुरून दिसतात ते इंजिनाच्या धुराचे पट्टे, पंखाच्या मुळाशी बुटांनी खरवडलेला रंग, वरच्या बाजूने उन्हात उडालेला निळा-करडा. धुराचा पट्टाही नेहमी काळा नसतो. इंधनात शिसं असायचं आणि मिश्रणात इंधन कमी ठेवून लांब उड्डाण केलं की मागे फिकट राखाडी थर बसायचा. हे सगळं उठावाच्या किटवरही तितकंच छान जमतं.

म्हणून सगळ्या रेषा घासून नव्याने कोरणं मला पटत नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर फ्रॉगचे बरेच साचे सोव्हिएत संघात गेले आणि तीच विमानं ‘नोव्हो’ नावाने पुन्हा बाजारात आली. अक्षराष्ट्रांच्या विमानांचे साचे मात्र रेव्हेल कंपनीकडे गेले. इतका प्रवास केलेल्या साच्याची खूण पंखावर असेल तर ती मी राहू देतो.

अडचण येते ती धडाच्या पाठीवर. दोन अर्ध्या भागांचा सांधा पुट्टी भरून घासला की आडव्या रेषा तेवढ्यापुरत्या नाहीशा होतात. तिथे मी मेणबत्तीच्या धगीवर ताणलेला स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचा) धागा तेवढ्याच लांबीचा कापून सिमेंटच्या एका थेंबाने बसवतो. मग रंग, त्यावर मॅट वार्निश, आणि ते वाळल्यावर मऊ शिसपेन्सिल आडवी धरून पंखावरून हलकेच फिरवायची. शिसं फक्त उठावाला लागतं. रेषा एकेक करून करड्या होत जातात, मधला पत्रा स्वच्छ राहतो, आणि पाठीवर चिकटवलेला धागा कुठला, साच्यातली रेषा कुठली, हे मलाही शोधावं लागतं.