मुलांचा कान, घसा आणि छाती: थांबायचे केव्हा, धावायचे केव्हा

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, पाठोपाठ पाऊस स्थिरावतो आणि पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत बाकावर जागा मिळेनाशी होते. बालवाडीत किंवा पाळणाघरात नुकतेच जाऊ लागलेले मूल वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दीने आजारी पडणे, हे वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने नेहमीचेच आहे. या सर्द्या पावसाळा आणि थंडी अशा मोजक्या महिन्यांत एकवटतात आणि प्रत्येक सर्दी दहा-बारा दिवस रेंगाळते, त्यामुळे आईवडिलांना मूल कायमच आजारी असल्यासारखे वाटते आणि ‘याची प्रतिकारशक्ती कमी तर नाही ना’ हा प्रश्न हमखास निघतो. साध्या सर्दीला सर्वाधिक वेळा कारण ठरणाऱ्या रायनोव्हायरसचेच दीडशेहून अधिक प्रकार आहेत आणि एका प्रकाराविरुद्ध मिळवलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध फारशी कामाला येत नाही. मुलाचे वजन वाढत असेल आणि दोन आजारांच्या मधल्या दिवसांत ते नीट जेवत-खेळत असेल, तर त्याला टॉनिकची गरज नसते.

सर्दी, घसादुखी आणि खोकला यांतले बहुतेक आजार विषाणूंमुळे होतात आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही परिणाम होत नाही. तरीही नाकातून येणारा स्राव पिवळा-हिरवा झाला की प्रतिजैविकाची मागणी सुरू होते. तो हिरवट रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींमधील लोहयुक्त विकरामुळे येतो. तो जिवाणूंचा पुरावा नव्हे. रंगापेक्षा दिवस मोजणे अधिक उपयोगाचे असते. सर्दी दहा दिवसांनंतरही उतरणीला लागत नसेल, किंवा बरी होत आल्यावर पुन्हा ताप चढत असेल, तर जिवाणूंचा शिरकाव झाल्याची शंका घ्यावी. नुसता खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो आणि तेवढ्यावरून औषध बदलत बसण्यात अर्थ नसतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला आहे, सोबत ताप आहे आणि वजनही घटते आहे, अशा मुलाची क्षयरोगासाठी तपासणी आपल्या देशात टाळू नये.

सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री मूल अचानक कान धरून रडत उठते, यामागे शरीररचनेतली एक साधी गोष्ट असते. नाकाच्या मागच्या भागापासून मध्यकर्णापर्यंत युस्टेशियन नलिका जाते. मध्यकर्णात हवा खेळती ठेवणे आणि तिथला स्राव घशाकडे वाहून नेणे ही तिची कामे. प्रौढांमध्ये ती चांगली तिरपी, सुमारे ४५ अंशांत असते, तर तान्ह्या बाळात ती जवळजवळ आडवी असते आणि तिची लांबी प्रौढांच्या नलिकेच्या साधारण निम्मी, म्हणजे १८ मिलिमीटरच्या आसपास असते. सर्दीने ती सुजली की पन्हळ तुंबल्यासारखी गत होते: स्राव मध्यकर्णात अडकतो, नाकाघशातले जिवाणू तिथे वाढतात आणि पडद्यावर आतून दाब येतो. आडवे झाल्यावर हा दाब वाढतो, म्हणून दुखणे रात्रीच उसळते. मूल सहा-सात वर्षांचे होईपर्यंत ही नलिका लांब आणि तिरपी होते आणि कानदुखीची वारंवारता आपोआप घटते.

अशा रात्री पहिली गरज असते ती वेदनाशमनाची, आणि त्यासाठी पॅरासिटामॉल पुरेसे असते. प्रतिजैविक ताबडतोब सुरू केले तरी पहिल्या २४ तासांत त्याने वेदना कमी होत नाही, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. पॅरासिटामॉल देताना बाटलीवरचा मजकूर मात्र चष्मा लावून वाचावा. आपल्याकडे तान्ह्यांसाठी मिळणाऱ्या थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये सहसा १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये पाच मिलिलिटरमागे १२० किंवा २५० मिलिग्रॅम असते. म्हणजे थेंब १२० मिलिग्रॅमच्या सिरपच्या चौपट तीव्र असतात आणि ‘अर्धा चमचा’ असे तोंडी सांगितलेले प्रमाण चुकीच्या बाटलीला लागू झाले, तर ते धोक्याचे ठरते. मात्रा वजनावर ठरते, दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. ती डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावी आणि दोन मात्रांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये.

मूल दोन वर्षांहून मोठे असेल, दुखणे सौम्य असेल, ताप १०२ अंश फॅरनहाइटच्या खाली असेल आणि कान वाहत नसेल, तर ४८ ते ७२ तास वेदनाशामकावर वाट पाहणे हा उपचारच आहे. बहुसंख्य मुले तेवढ्यात बरी होतात. सहा महिन्यांखालील बाळाच्या बाबतीत, कानातून पू येत असल्यास, किंवा दोन वर्षांखालील बाळाचे दोन्ही कान सुजले असल्यास मात्र थांबू नये. डॉक्टर कानात पाहतात तेव्हा त्यांना पडद्याचा फुगवटा हवा असतो. नुसती लाली पुरेशी नसते, कारण जोरजोरात रडणाऱ्या कोणत्याही मुलाचा पडदा लाल दिसतो. ‘कान फुटला’ म्हणून घाबरून जाण्याचेही कारण नाही. पडद्याला लहानसे छिद्र पडून पू वाहिला की दाब कमी होतो, दुखणे थांबते आणि ते छिद्र बहुधा काही आठवड्यांत भरून येते. कानात कोमट तेल किंवा लसणीचे तेल मात्र कधीही घालू नये. दोन आठवड्यांनंतरही कान वाहत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

संसर्ग ओसरल्यावर मध्यकर्णात काही काळ द्रव उरतो. त्याने दुखत नाही, पण ऐकू कमी येते. टीव्हीचा आवाज वाढवणारे, हाक मारल्यावर ओ न देणारे आणि वर्गात ‘लक्ष नसते’ म्हणून बोलणी खाणारे मूल अनेकदा याच द्रवाचे बळी असते. तीन महिन्यांत तो निचरला नाही, तर श्रवणचाचणी करून घ्यावी.

घशाची गोष्ट थोडी वेगळी आहे. नाक गळते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे आणि घसा दुखतो आहे, तर ते विषाणूंचेच काम समजावे. याउलट पाच ते पंधरा वर्षे वयात अचानक ताप, गिळताना तीव्र वेदना, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्यातल्या दुखऱ्या गाठी आणि तरीही खोकला-सर्दी नाही, असे चित्र दिसले तर ‘अ’ गटातील स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूची शक्यता असते. हा घसा उपचारांशिवायही आठवड्याभरात बरा होतो, पण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. पाश्चात्त्य देशांत हा आजार जवळपास नाहीसा झाला असला, तरी भारतात तो अजून आहे. घसादुखी सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन सुरू केले, तरी हृदय वाचते; म्हणजे घशाच्या स्रावाची तपासणी करून निदान पक्के करण्याइतका वेळ हाताशी असतो. उपचार पूर्ण दहा दिवस घ्यावे लागतात आणि नेमके इथेच आपण तिसऱ्या दिवशी ताप उतरला की औषध बंद करतो.

पिंपरीतील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. त्यानंतरच्या दशकांत न्यूमोकॉकससारखे कितीतरी जिवाणू पेनिसिलिनला कमी-अधिक प्रमाणात दाद देईनासे झाले, पण घशातला हा स्ट्रेप्टोकॉकस आजही त्याला शरण येतो. अशा वेळी साध्या सर्दीला ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या तीन गोळ्या आणि खऱ्या स्ट्रेप्टोकॉकसला अर्धवट औषध, हा आपला नेहमीचा व्यवहार मला तरी उफराटा वाटतो.

छातीच्या बाबतीत घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे आणि तिला फक्त सेकंदकाट्याचे घड्याळ लागते. मूल शांत असताना, शक्यतो झोपलेले असताना, त्याचा सदरा वर करावा आणि पोट किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण लहान मुलांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास मोजले गेले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो जलद श्वास असतो. तापामुळेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजावे. तरीही तो जलदच असेल तर न्यूमोनियाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल नीट जागेच होत नसेल, तर मोजत बसू नये, थेट रुग्णालयात न्यावे.

खोकल्याच्या सिरपबद्दल आता शंका उरायला नको. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने बालके दगावली आणि त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्याने दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत, असे कळवले. भेसळ नसली तरी या औषधांचा लहान मुलांना फायदा होतो, असे सिद्ध झालेले नाही. एक वर्षावरील मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध दिल्यास खोकल्याला उतार पडतो. एक वर्षाखाली मात्र मधाचे बोटही चाटवू नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. बाळगुटी मधात उगाळण्याची पद्धत त्यामुळे सोडून द्यावी.

घरगुती उपायांतली हळद घातलेले दूध किंवा नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब यांना कोणाचीच हरकत नसावी. पण मालिशीनंतर निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि धूप टाकून बाळाला दिली जाणारी धुरी ही बंद खोलीतल्या धुरापेक्षा वेगळी नसते आणि त्या वयाच्या श्वासनलिका अगदीच अरुंद असतात. नाकात तेलाचे थेंब सोडणे त्याहून वाईट, कारण ते तेल फुप्फुसात उतरून तिथे दाह निर्माण करते. कापराची पुरचुंडी बाळाच्या हाती लागून तोंडात गेली, तर झटके येऊ शकतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर मुलाला धरून वाफ देताना भाजल्याच्या घटना घडतात आणि सर्दी काही लवकर जात नाही. डासांची कॉइल, उदबत्ती आणि गॅलरीत जाऊन ओढलेली सिगारेट यांनाही याच पंक्तीत बसवायला हवे. बाळाला आडवे निजवून बाटलीने दूध पाजणे कानाला त्रासदायक असते. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान मिळालेल्या बाळांना कानाचे आणि छातीचे संसर्ग कमी होतात.

प्रतिबंधाचा सर्वांत भक्कम भाग लसींचा आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळणाऱ्या पंचगुणी लसीत घटसर्प, डांग्या खोकला आणि हिब (न्यूमोनिया घडवणाऱ्या एका जिवाणूचा संसर्ग) या तीन श्वसनरोगांपासूनचे संरक्षण असते. घटसर्पाचे बूस्टर दीड वर्षानंतर, पाच वर्षांनंतर, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात आणि मोठ्या मुलांचे तेच राहून जाते. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली पहिली भारतीय न्यूमोकोकल लस डिसेंबर २०२० मध्ये आली, आणि २०२१ मध्ये न्यूमोकोकल लसीकरण देशभर मोफत कार्यक्रमात पोहोचले. ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत महापालिकेच्या दवाखान्यातही मिळते, आणि न्यूमोनियाबरोबर कानाचे काही संसर्गही तिच्यामुळे टळतात.

फ्लूची लस मोफत कार्यक्रमात नाही, पण सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत आहे. पुण्यात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, थंडीतली त्या मानाने लहान असते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये लस टोचून घेणे म्हणजे लाट ओसरल्यावर बांध घालणे होय. लसीचे संरक्षण उभे राहायला साधारण दोन आठवडे लागतात आणि नऊ वर्षांखालील मूल ती पहिल्यांदाच घेत असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात, म्हणून पहिली मात्रा एप्रिलमध्ये आणि दुसरी मेमध्ये घेतली की शाळा उघडेपर्यंत काम होते.