टाकीचं स्टँड सडतं कुठे?

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर निफाड-दिंडोरीकडच्या जुन्या पिकअप नाशकात कामाला येतात, तेव्हा डिझेल टाकीचं स्टँड, म्हणजे टाकीला चॅसीवर धरून ठेवणारा लोखंडी पट्टा, सडलेलं निघणं नवीन नाही. निदानही ठरलेलं: ‘खालून पाणी उडतं, गंजणारच.’ पण तसं असतं तर पाणी जिथे थेट उडतं ती पट्ट्याची बाहेरची बाजू आधी गेली असती. तिच्यावर नुसता तांबूस थर असतो. भोकं पडतात ती आतून, टाकी आणि पट्टा यांच्यामध्ये दाबलेल्या नमद्याखाली (लोकरीच्या जाड गादीखाली), जिथे वारा पोचतच नाही.

गंजायला ऑक्सिजन लागतो हे शाळेत शिकलोय. मग ऑक्सिजन नाही तिथेच लोखंड का खलास व्हावं?

कारण गंजण्याची क्रिया दोन ठिकाणी वाटून चालते. एका जागी लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. ते इलेक्ट्रॉन पट्ट्यातून वाहत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाणी व ऑक्सिजन ते उचलून हायड्रॉक्सिल आयन बनवतात. ऑक्सिजन हवा तो या दुसऱ्या जागी. उघड्या बाजूला तो भरपूर, म्हणून ती उचलणारी ठरते. नमद्याखाली तो संपलेला, म्हणून तिथलं लोखंड देणारं. केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी हे १९२०च्या दशकात एका थेंबात दाखवलं. घासलेल्या पोलादावर मिठाच्या पाण्याचा थेंब, त्यात थोडं पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन. थोड्या वेळाने थेंबाची कड गुलाबी होते, मध्य निळा. गुलाबी म्हणजे तिथे हायड्रॉक्सिल बनतंय; निळं म्हणजे लोखंड विरघळतंय, आणि तेही हवेपासून सगळ्यात लांब.

फटीत पुढे आणखी बिघडतं. विरघळलेल्या लोखंडाचा धन प्रभार जमतो, तो बाहेरून क्लोराइड ओढून घेतो. लोखंडाचे आयन पाण्याशी क्रिया करून आम्ल सोडतात. आम्ल आणि क्लोराइड एकत्र आले की वेग वाढतच जातो. शिवाय देणारी जागा बोटभर आणि उचलणारी अख्खा पट्टा, त्यामुळे सगळा मार एका रेषेत बसतो. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि टाकीच्या पत्र्यालाही आत दाबतो.

द्राक्षपट्ट्यात यात दोन गोष्टींची भर पडते. हौद्यातून सांडलेलं पोटॅश म्हणजे बहुतेकदा पोटॅशियम क्लोराइडच. आणि बोर्डो या फवारणीच्या मिश्रणासाठी नेलेलं मोरचूद (कॉपर सल्फेट): खिळा मोरचुदाच्या द्रावणात बुडवला की त्यावर तांबं चढतं, तेच पट्ट्यावर होतं. धातूचा विभव जितका खाली तितका तो इलेक्ट्रॉन सोडून लवकर विरघळतो. तांब्याचा विभव +०.३४ व्होल्ट, लोखंडाचा -०.४४. चढलेलं तांबं शेजारच्या लोखंडाला खातं. जस्त -०.७६, म्हणून गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) एरवी लोखंडाला वाचवतं, पण मोरचुदापुढे ते आणखी लवकर विरघळतं. हौदा धुतलात तर टाकीखालीही पाणी मारा.

बॅटरीला जोडायची ‘इलेक्ट्रॉनिक गंजरोधक’ डबी घेऊ नका. लोखंडाला वीज देऊन गंज रोखायची ती पद्धत समुद्रातल्या जहाजाला किंवा जमिनीतल्या पाइपला चालते, कारण भोवती सतत ओलावा असतो. हवेतल्या गाडीवर सर्किट पुरं होत नाही. शनिवारी लोखंड आणायचं नाही म्हणून काम सोमवारवर ढकलायचं असेल तर ढकला, गंज मधल्या रविवारी सुट्टी घेत नाही.

आता बदलायचं कसं. टाकी शक्यतो रिकामी करा. ६० लिटर डिझेल म्हणजे सुमारे ५० किलो. गाडी पेट्रोलची असेल तर खड्ड्यावर काम नको, वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा. नाहीच सुटला तर हॅक्सॉ, ग्राइंडर नाही. वेल्डिंग तर टाकी उतरवून लांब नेल्यावरच. टाकीखाली जॅकवर फळी द्या, मगच शेवटचा बोल्ट काढा. जुनं स्टँड भंगारात टाकण्याआधी भोकांमधली अंतरं आणि दोन्ही कर्ण मोजून घ्या. एका कोनात फरक असला की टाकी पिळून बसते आणि शिवणीला चीर जाते.

नव्या स्टँडचं वाकवणं, भोकं पाडणं सगळं आधी, गॅल्व्हनायझिंग नंतर. उलट केलं की भोकाच्या कडा उघड्या राहतात. सर्वांत खालच्या जागी १० ते १२ मिमीचं निचऱ्याचं भोक हवंच. नमदा आणि फोम पाणी धरून ठेवतात, सायकलची ट्यूब डिझेलने फुगते. ३ मिमी नायट्राइल रबर घ्या आणि ते पट्ट्याला पूर्ण चिकटवा, फट ठेवू नका. रबराने टाकी चॅसीपासून वेगळी पडते, म्हणून अर्थची तार जोडा, नाहीतर डिझेलचा काटा खोटं दाखवतो. नट रबर सारखं दबेपर्यंतच आवळा, नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सहज न सुटणारा नट) वापरा. पहिली टाकी फुल करून शंभरेक किलोमीटर फिरल्यावर रबर बसतं आणि पट्टा सैल पडतो; तेव्हा एकदा पुन्हा आवळा.