झिरपता सिद्धांत (शिक्षण)

शिक्षणाचा पैसा आधी वरच्या, सवड असलेल्या वर्गावर खर्च करायचा, म्हणजे त्यांच्याकडून ज्ञान हळूहळू खालच्या लोकांपर्यंत पोचेल, ही ब्रिटिश काळातली सरकारी समजूत. याला पाझर सिद्धांत असंही म्हणतात. भारतातल्या शैक्षणिक विषमतेवर बोलताना याला टाळून पुढे जाताच येत नाही, कारण सिद्धांत कागदावरून गेला तरी खर्चाची सवय तशीच राहिली.

याचा जनक कोण यावर एकमत नाही. बहुतेक पाठ्यपुस्तकं गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलातल्या मेकॉलेचं नाव देतात. २ फेब्रुवारी १८३५ च्या टिपणात तो म्हणतो की हातात असलेल्या पैशात सगळ्या जनतेला शिकवणं जमणार नाही, तेव्हा राज्यकर्ते आणि रयत यांच्यात दुभाष्याचं काम करेल असा एक वर्ग घडवावा. पण कागदपत्रं तारखेप्रमाणे लावली तर हा विचार त्याच्या आधीच सापडतो. मुंबई इलाख्यात बहुधा १८२३ च्या अखेरीस गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कौन्सिलातल्या फ्रान्सिस वॉर्डनने लिहिलं होतं की पुष्कळांना थोडं ज्ञान देण्यापेक्षा थोड्यांना पुष्कळ देणं बरं आणि सुरक्षितही, आणि २९ सप्टेंबर १८३० ला ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांनी मद्रासला पाठवलेल्या खलित्यात (सरकारी पत्रात) वरच्या वर्गाचं शिक्षण आधी हे सरळच सांगितलंय. मेकॉले भारतात आला १८३४ मध्ये. काही अभ्यासक म्हणतात की त्याचा मुख्य वाद इंग्रजी की संस्कृत-अरबी हा होता, ते बरोबरच आहे, तरी त्याच टिपणात या वर्गाने देशी भाषांमार्फत ज्ञान लोकांपर्यंत न्यावं असंही येतं, म्हणून त्याला यातून पूर्ण सोडवता येत नाही. आधीपासून चालत आलेला विचार त्याने ठासून मांडला आणि गव्हर्नर-जनरल ऑकलंडच्या २४ नोव्हेंबर १८३९ च्या टिपणाने त्याला धोरणाचं रूप दिलं, हे मत जास्त पटतं.

मुंबईत चित्र थोडं वेगळं होतं. १८४० च्या बोर्ड ऑफ एज्युकेशनच्या, म्हणजे सरकारी शिक्षण मंडळाच्या, हाताखाली मराठी शाळाही चालायच्या. १८४३ पासून अध्यक्ष असलेले अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे, तर कर्नल जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट देशी भाषांच्या, आणि यावरून बोर्डात चांगलंच वाजलं.

प्रत्यक्षात खाली काय झिरपलं याचा दाखला १८५६ चा आहे. धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, त्याने सरकारकडे अर्ज केला तरी मुंबई सरकारने हस्तक्षेप केला नाही. तोवर १८५४ चा वुडचा खलिता, म्हणजे लंडनहून आलेला शिक्षणधोरणाचा आदेश, येऊन गेला होता, म्हणजे सामान्य लोकांच्या शिक्षणाकडे लक्ष द्यायचं असं अधिकृतपणे ठरलेलं होतं.

सगळ्यात नेमकी टीका जोतीराव फुल्यांची. १८८२ मध्ये सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी हिशेबच मांडला की महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो उच्चवर्गीयांच्या शिक्षणावर. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, मोडी आणि बाळबोध वाचणं-लिहिणं, हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान शिकवा, ट्रेनिंग झालेल्या मास्तरला महिना १२ रुपयांपेक्षा कमी देऊ नका, मोठ्या गावात १५-२० द्या, आणि मास्तर असा हवा की वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरायला लाजणार नाही. शाळा सुधारणेचा इतका ठोस आराखडा त्या काळात क्वचितच दिसतो.

पुढचा रस्ता लांबचा. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ ला राज्यभर सक्तीचं शिक्षण आणलं, गोखल्यांचं सक्तीच्या शिक्षणाचं १९११ चं विधेयक पडलं, कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीचं शिक्षण आणलं. केंद्राच्या कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) सगळ्यांसाठी समान शेजारशाळा (आसपासच्या सगळ्या मुलांची एकच शाळा) आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च सुचवला, त्यातली समान शाळा कधी आलीच नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या आरटीईने (शिक्षण हक्क कायद्याने) विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. हे गरजेचं होतंच, पण एकाच शिक्षकावर चार-चार वर्ग असलेल्या वाडीवरच्या शाळेचं काम त्याने होत नाही, तिथे दुसरा शिक्षकच द्यावा लागतो. सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट देणारा महाराष्ट्र सरकारचा फेब्रुवारी २०२४ चा नियमबदल मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला.