पोकर स्पर्धांतील गर्दीचे नियोजन

पोकर स्पर्धांतील गर्दीचे नियोजन : एका छपराखाली शेकडो किंवा हजारो खेळाडूंना पत्त्यांच्या टेबलांवर बसवणे, ते बाद होतील तशी टेबले मोडत जाणे आणि उरलेल्यांची पुन्हा सारखी वाटणी करणे, याची पद्धत. यात्रेची गर्दी वेगळी. सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून लोटणारा माणूस रांगेत उभा राहतो, सरकतो, दर्शन घेऊन घोडेबाजारात पांगतो. पोकरच्या दालनात उभ्या माणसाचा काही उपयोग नाही. त्याने प्रवेश फी भरली की त्याला खुर्ची, चिप्स (डावात लावायच्या चकत्या) आणि समोर पत्ते वाटणारा डीलर, तिन्ही एकदम लागतात. ही बसलेली गर्दी आहे, आणि ती सुरुवातीला सर्वांत जास्त असते. पुढे चिप्स संपलेले उठून जातात आणि गर्दी आपोआप ओसरते. म्हणून खरी कसोटी पहिल्या काही तासांची.

खानदेशात हा हिशेब आखाजीला कुणी न शिकवता होतो. वैशाख शुद्ध तृतीयेला सालदाराचे साल संपते, सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात आणि पुरुष मंडळी पारावर, ओट्यावर पत्ते मांडतात. सतरंजीवर सहा जण बसलेले असतात. सातवा येतो, “सरक रे भो” म्हणत गुडघा घालतो. आठव्यापर्यंत निभते. मग वाटायला पत्ते पुरत नाहीत, डाव फिरून यायला वेळ लागतो, आणि कुणीतरी घरातून दुसरा कॅट आणून शेजारी नवी बैठक मांडतो. मोठ्या स्पर्धेचे आयोजक याहून निराळे काही करत नाहीत. फक्त त्यांची सतरंजी पाचशे टेबलांची असते आणि दुसरा कॅट आदल्या दिवशीच काढून ठेवावा लागतो.

या प्रश्नाला मोठे रूप आले ते लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये. 2003 साली तिच्या 10,000 डॉलर फीच्या मुख्य स्पर्धेत 839 खेळाडू होते. ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ती जिंकला, आणि पुढच्या वर्षी आकडा 2,576 वर गेला. 2005 मध्ये स्पर्धा बिनियन्स कॅसिनोमधून रिओ हॉटेलच्या मोठ्या दालनांत हलवावी लागली. 2006 ला 8,773 जण आले.

गर्दी फोडण्याचा मुख्य उपाय म्हणजे पहिला दिवसच अनेकदा खेळवणे. खेळाडू चारपैकी एक दिवस निवडतो, आणि वाचलेले सगळे पुढे एकत्र होतात. उपाय चांगला, पण माणसे सारखी वाटली जात नाहीत. 2009 ची मुख्य स्पर्धा याचे ठळक उदाहरण आहे. चार पहिल्या दिवसांची संख्या अशी होती : 1,116, 873, 1,696 आणि 2,809. दुसरा दिवस 4 जुलैचा, म्हणजे अमेरिकेत सुट्टीचा. तेव्हा टेबले रिकामी राहिली. शेवटच्या दिवशी जागा संपल्या आणि फी हातात घेऊन आलेल्या शेकडो खेळाडूंना दारातून परत जावे लागले. बहुतेकांना वाटले होते, शेवटच्या दिवशी जाऊ, काय घाई आहे. लग्नाच्या पंगतीचाही अनुभव हाच आहे.

त्यानंतर कमी फीच्या महाकाय स्पर्धा आल्या. 2015 च्या 565 डॉलरांच्या ‘कलॉसस’मध्ये 22,374 प्रवेश झाले, 2019 च्या 500 डॉलरांच्या ‘बिग 50’ मध्ये 28,371. हे प्रवेश आहेत, माणसे नव्हेत. बाद झालेला पुन्हा फी भरून बसू शकतो. इथेच आयोजकाचा स्वार्थ आणि सोय यांचे भांडण लागते. प्रत्येक प्रवेशामागे त्याचा वाटा ठरलेला असतो, त्यामुळे उशिरा नोंदणीची मुदत लांबवायचा मोह होतो, आणि ओसरू लागलेली गर्दी पुन्हा भरते.

जागा कमी पडली की टेबलावर नऊऐवजी दहा जण बसवतात. 900 खेळाडूंना नवाप्रमाणे 100 टेबले लागतात, दहाप्रमाणे 90. म्हणजे दहा डीलर वाचले. पण कोपराला कोपर लागते आणि तासाला होणारे डाव घटतात. तरी उरलेल्यांना प्रतीक्षा यादीत ठेवतात. कुणी उठला की त्याच्या खुर्चीवर यादीतला पुढचा. चिप्स त्याला पूर्ण मिळतात, पण तोवर सक्तीच्या बोलीची रक्कम, म्हणजे ब्लाइंड, वाढलेली असते; पैसे सारखे भरून तो मागूनच सुरुवात करतो. खेळाडूंची सर्वांत रास्त तक्रार हीच म्हणावी लागेल.

टेबल मोडण्याचा क्रम आधीच ठरलेला असतो. कर्मचारी येतो, नवे टेबल आणि खुर्ची क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठ्या वाटतो, खेळाडू चिप्स रॅकमध्ये रचून दालनाच्या दुसऱ्या टोकाला जातात. नुसता तोल साधायचा असेल तर पुढचा मोठा ब्लाइंड (दोन सक्तीच्या बोलींपैकी मोठी) ज्याच्यावर येणार, त्याला उचलण्याची रीत आहे. मध्यंतराचे हाल वेगळेच. हजारो माणसे एकदम स्वच्छतागृहाकडे धावतात; म्हणून काही ठिकाणी दालनांना वेगवेगळ्या वेळी सुट्टी देतात.

अशी स्पर्धा जळगाव, धुळे, नंदुरबारात भरत नाही. 1887 च्या जुगार प्रतिबंध कायद्यात केवळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे, पण पोकर त्यात बसतो का, यावर उच्च न्यायालयांचे एकमत नाही. राज्याचा 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्यात आला. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा मोबाईलवरचा फडही मोडला. ज्याला समोरासमोर बसून खेळायचे, तो गोव्याला जातो. तिथे मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंवर धक्क्यावरून छोट्या बोटीने जावे लागते, म्हणजे पहिली रांग पत्त्यांची नव्हे, बोटीची.